टालरच्या माहेरी दहा दिवस

आत्याच्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे मारिया थेरेसा टालर, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचं मोठं चांदीचं नाणं. एका बाजूला भरल्या चेहऱ्याची, डोक्यावरून ओढणी घेतलेली सम्राज्ञी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. हे नाणं खरोखरच १७८० चं आहे असं समजून तिने ते कितीतरी वर्षं जपलं. मग एकदा कळलं की सम्राज्ञी त्याच वर्षी, २९ नोव्हेंबरला वारली आणि तिच्या पश्चातही लोक तेच साल घालून हे नाणं पाडत राहिले. ते आजही पाडलं जातं. आत्याची सगळी नोकरी बँकेत रोखपाल म्हणून झाली. ती एवढंच म्हणाली, "अरे, मग हे कुठे कुठे पाडलं ते बघून यायला हवं."

ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिचं ठरलं की ठरतं. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दहा दिवस काढले. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि चेकिया, आणि त्यातही फक्त टांकसाळी आणि खाणी.

मूळ नाणं मात्र घरीच ठेवलं. जुनी नाणी सरहद्दीपलीकडे न्यायची म्हटली की प्रत्येक देशाचे वारसा जपण्याचे कायदे आडवे येतात, आणि "हे नाणं माझंच आहे, मी येतानाच आणलं होतं" हे विमानतळावर सिद्ध करत बसावं लागतं. त्याऐवजी आत्याने दोन्ही बाजूंचे आणि काठाचे मोठे फोटो काढून घेतले. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशात मावणारा वजनकाटा (ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा) आणि व्यास मोजायला प्लॅस्टिकचं कॅलिपर. धातूचं कॅलिपर नाण्यावर ओरखडे काढतं.

पहिला दिवस, हाल

इन्सब्रुकहून हाल रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर. उतरलो तेव्हा पाऊस होता, आणि डोंगर ढगात गेल्यामुळे आल्प्समध्ये आलोय हे फक्त गारठ्यावरून कळत होतं. हासेग नावाच्या किल्ल्यात इथली जुनी टांकसाळ आहे. आर्चड्यूक सिगिसमुंडने १४७७ साली टिरोलची टांकसाळ मेरानहून इथे हलवली. कारण साधं होतं. चांदीची खाण इथून जवळ होती.

सिगिसमुंडची अडचण अशी की त्याच्याकडे सोनं नव्हतं आणि चांदी मात्र अमाप होती. तेव्हा मोठे व्यवहार सोन्याच्या गुल्डनमध्ये व्हायचे आणि चांदीची नाणी चिल्लर म्हणून चालायची. मग एका सोन्याच्या गुल्डनइतक्या किमतीची चांदी एकाच नाण्यात घालायची, असा विचार पुढे आला. १४८६ साली इथे जवळजवळ ३२ ग्रॅमचं नाणं पडलं, त्याचं नाव गुल्डिनर. एका बाजूला उभा आर्चड्यूक, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि त्याच्याभोवती ढालींची रांग. पुढची चारशे वर्षं जगभर जी थोरली चांदीची नाणी चालली, त्यांची सुरुवात या नाण्यापासून धरतात.

मला मात्र खिळवून ठेवलं ते लाटण यंत्राने. खऱ्या यंत्राबरहुकूम बनवलेली त्याची प्रतिकृती तिथे चालवून दाखवतात. लाकडी चाकं, दात्यांची गुंतागुंत आणि मधे दोन लोखंडी रूळ. रुळांवरच नाण्याचे ठसे कोरलेले. चांदीची पट्टी रुळांमधून सरकते, पलीकडे चित्रांची रांग उमटलेली निघते आणि मग त्यातून नाणी कापतात. सोळाव्या शतकात हे यंत्र पाणचक्कीवर चालायचं. १५८० च्या दशकात स्पेनच्या राजासाठी अशी यंत्रं आणि ती चालवणारी माणसं थेट सेगोव्हियाला पाठवली गेली.

यंत्र दाखवणाऱ्या तरुणीने आत्याच्या हातात तिथलं एक नाणं दिलं आणि डोळ्यांसमोर आडवं धरायला सांगितलं. नाणं किंचित वाकलेलं होतं, उथळ ताटलीसारखं. रुळातून निघालेलं नाणं असंच असतं. आत्या गप्प झाली. काही वर्षांपूर्वी असंच वाकलेलं एक टिरोलचं टालर तिने "कोणीतरी दाबून वाकवलेलं दिसतंय" म्हणून परत केलं होतं.

तेव्हा रुळावर पाडलेल्या काळातलं नाणं समोर आलं आणि थोडं वाकलेलं दिसलं, तर लगेच नाकारू नका. आणि चुकूनही सरळ करू नका.

दुसरा दिवस, श्वात्झ

हालला ज्या खाणीची चांदी यायची ती श्वात्झची खाण. पिवळं रेनकोट आणि शिरस्त्राण घालून छोट्या आगगाडीत बसायचं आणि डोंगराच्या पोटात ८०० मीटर आत जायचं. बोगदा इतका अरुंद की हात बाहेर काढू नका हे तीन भाषांत सांगतात.

आत पाणी ठिबकत असतं. हे पाणी हाच या खाणीचा मोठा शत्रू होता. खालच्या थरातलं पाणी उपसायला माणसं शिड्यांवर एकाखाली एक उभी राहायची आणि चामड्याच्या बादल्या हातोहात वर द्यायची, रात्रंदिवस. सोळाव्या शतकाच्या मध्यावर मोठं पाणचाक बसलं तेव्हा कुठे ते थांबलं. तिथे अंधारात मेणाचे पुतळे शिडीवर उभे केले आहेत. आत्या त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "नाण्याचं वजन आपण काट्यावर बघतो. हे वजन कुठे लिहिलेलं नसतं."

इथली चांदी शुद्ध सापडत नसे. तांब्याबरोबर जखडलेली यायची, आणि शिशाच्या मदतीने ती वेगळी करावी लागे. त्या काळच्या नाण्यांत तांब्याचा आणि शिशाचा अंश का सापडतो ते इथे समजतं.

संध्याकाळच्या गाडीने व्हिएन्ना. गाडीत पनीरसारख्या चीजचे तळलेले गोळे घातलेलं गरम सूप मिळालं, ते अजून आठवतं.

तिसरा दिवस, व्हिएन्ना

शनिवारी नाशमार्क्टच्या शेजारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पहाटे जावं, ऊन चढलं की चालायला जागा नसते. तांब्याची भांडी, दिव्यांचे झुंबर, कुणाच्या तरी आजोबांची पदकं, आणि अधूनमधून नाण्यांचे ट्रे.

एका विक्रेत्याकडे मारिया थेरेसा टालर होतं. छान काळवंडलेलं. तो म्हणाला, "खात्रीचं, १७८० चं, आमच्या घरातलं." आत्याने परवानगी मागून काटा काढला. भरायला हवं २८.०७ ग्रॅम, भरलं २४.६. झीज होऊन एखाद-दुसऱ्या दशांशाचा फरक पडतो, साडेतीन ग्रॅमचा नाही. मग तिने नाणं उभं धरून काठ पाहिला. खऱ्या टालरच्या काठावर सम्राज्ञीचं ब्रीद लॅटिनमध्ये उठावात असतं, "न्याय आणि दया" या अर्थाचं. याचा काठ गुळगुळीत, आणि मधोमध बारीक शिवण, साच्यात ओतलेल्या वस्तूला असते तशी. आत्याने नाणं परत ट्रेमध्ये ठेवलं, धन्यवाद म्हटलं आणि आम्ही पुढे निघालो. वाद घालायचा नाही, हा तिचा नियम आहे.

नवीन संग्राहकाला मी तिचाच क्रम सांगेन. आधी वजन, मग व्यास, मग काठ आणि सगळ्यात शेवटी चेहरा. नकली नाणं बनवणारा सगळी मेहनत चेहऱ्यावर घेतो. जो विक्रेता वजन करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

दुपारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम. खाली ब्रूगलच्या चित्रांपुढे गर्दी असते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नाणे-दालनात फारसं कोणी जात नाही. सुमारे सहा लाख वस्तूंचा हा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या नाणेसंग्रहांपैकी आहे. मांडलेला भाग अर्थातच थोडा आहे, तरी आम्हाला तीन तास पुरले नाहीत. (सप्टेंबर ते मे सोमवारी हे संग्रहालय बंद असतं, वार बघून जा.)

थोरल्या चांदीच्या नाण्यांच्या काचेपाशी एक वयस्क बाई नातीला काहीतरी समजावत होत्या. आत्या भिंग काढून वाकली तशा त्या आमच्याशी इंग्रजीत बोलू लागल्या. त्या मूळच्या इथिओपियाच्या, चाळीस वर्षं व्हिएन्नात. त्यांच्या आजीच्या गळ्यात याच टालरांची माळ होती. "आम्ही याला बिर्र म्हणायचो. बिर्र म्हणजे चांदी. आज आमच्या देशाच्या चलनाचं नाव तेच आहे." आजी नाणं घेताना सम्राज्ञीच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती नखाने मोजायची. नऊ भरले तरच घ्यायची.

आत्याने लगेच आपले फोटो काढले आणि दोघी मोती मोजायला लागल्या. नऊ भरले.

हे नाणं तिकडे गेलं ते कॉफीच्या आणि इतर मालाच्या व्यापारातून. लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर लोकांना या एकाच चेहऱ्याची सवय झाली, आणि साल बदललेलं नाणं ते घेईनात. म्हणून साल १७८० वरच थांबलं. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर चढाई करताना व्हिएन्नाकडून याचे ठसेच मिळवले आणि रोममध्ये नाणी पाडायला सुरुवात केली. मग इतरांची अडचण झाली, तेव्हा लंडन, पॅरिस, ब्रसेल्स इथेही हीच नाणी पडू लागली. आणि १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही.

हे मी आत्याला वाचून दाखवलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. "म्हणजे माझं नाणं मुंबईत पाडलेलंही असू शकेल?"

असू शकेल. पण ते ओळखायला गरुडाच्या शेपटीची पिसं, पिनेतले मोती, अक्षरांमधले ठिपके असं सगळं एकत्र बघावं लागतं, एका खुणेवर भागत नाही.

शेजारच्याच काचेत स्पेनचे आठ रेआल होते. त्यातल्या एकावर चिनी सराफांनी उठवलेले बारीक शिक्के. चांदी खरी आहे अशी खात्री पटली की सराफ आपली खूण ठोकायचा. अशा नाण्यांना पूर्वी संग्राहक "खराब" म्हणायचे. मला ती सगळ्यात बोलकी वाटतात. मेक्सिको किंवा पेरूत पडलेलं नाणं कँटनपर्यंत किती हातांतून गेलं ते त्यावर दिसतं.

रात्री आलुबुखाराचे गोड गोळे खाल्ले. बटाट्याच्या पारीत अख्खं फळ, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. सप्टेंबरात गेलात तर सोडू नका.

चौथा दिवस

रविवार. टांकसाळीचं दुकान बंद, म्हणून डॅन्यूबच्या काठाने ड्यूर्नस्टाइनला गेलो. पडक्या किल्ल्यावर चढायला अर्धा तास लागतो, आत्याला पाऊण लागला. धर्मयुद्धावरून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ च्या डिसेंबरात पकडून इथे ठेवलं होतं. त्याच्या सुटकेसाठी ठरलेली खंडणी दीड लाख मार्क वजनाची चांदी होती. ऑस्ट्रियाच्या वाट्याला जी आली तिच्यातून तट बांधले गेले आणि नाणी पाडली गेली. व्हिएन्नाची टांकसाळ आपला जन्म ११९४ चा सांगते तो याच चांदीमुळे. वरून द्राक्षाचे मळे आणि नदीचं वळण दिसतं. खाली उतरताना रस्त्यावर ताजी द्राक्षं मिळाली.

पाचवा दिवस, टांकसाळीचं दुकान

सोमवारी सकाळी हॉयमार्क्टवरच्या टांकसाळीत. इथे आत्याने नवं कोरं टालर विकत घेतलं. साल अर्थातच १७८०. काउंटरवरच्या बाईंनी तारखेनंतरचा छोटा तिरपा क्रॉस दाखवला. १७५० मध्ये चांदीचं प्रमाण थोडं कमी केलं तेव्हापासून तो येऊ लागला. एका कोलोन मार्क (वजनाचं जुनं माप) शुद्ध चांदीत दहा टालर, हा तेव्हाचा हिशेब. म्हणजे प्रत्येकात २३.३९ ग्रॅम शुद्ध चांदी आणि बाकी तांबं. अडीचशे वर्षांत हा हिशेब बदललेला नाही. आत्याने तिथेच काट्यावर ठेवलं. २८.०७.

सोन्यातही हाच प्रकार आहे. सम्राट फ्रान्झ जोसेफचा चेहरा आणि १९१५ साल असलेले डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, इथे आजही पाडतात, ३.४९ ग्रॅम, १००० त ९८६ कस. सोनं म्हणून ते उत्तम. पण कोणी तुम्हाला "पहिल्या महायुद्धातलं दुर्मीळ नाणं" म्हणून १९१५ चा डुकाट जास्त किमतीला देत असेल तर घेऊ नका. साल बघून भाव ठरवायची सवय या दोन नाण्यांपुरती तरी बाजूला ठेवावी लागते.

दुपारी निघून दोन गाड्या बदलत रात्री क्रेमनिका गाठलं.

सहावा दिवस, क्रेमनिका

डोंगरातलं लहानसं गाव, उतारावरचा चौक, वर तटबंदीतलं चर्च. शाळेत जाणारी मुलं आणि चौकातल्या बाकांवर म्हातारी माणसं. आणि याच गावात १३२८ सालापासून नाणी पडतात. राजा चार्ल्स रॉबर्टने टांकसाळीला सनद दिली आणि ती अजून चालू आहे. इथल्या खाणगावांबद्दल जुनी म्हण आहे, क्रेमनिका सोन्याचं, श्टियाव्हनित्सा चांदीचं, बिस्त्रित्सा तांब्याचं.

इथल्या सोन्याची पहिली नाणी फ्लॉरेन्सच्या फ्लोरिनची नक्कल होती. तेच कमळासारखं फूल, तोच संत जॉन. नंतर मात्र त्यांचा स्वतःचा चेहरा आला, हातात कुऱ्हाड घेतलेला संत लाडिस्लाव. क्रेमनिकाचे डुकाट युरोपभर मागितले जायचे कारण त्यांचा कस शतकानुशतकं घसरला नाही. राजे कर्जात बुडाले की नाण्यात तांबं वाढवतात, हा सगळ्या जगाचा इतिहास. इथे सोन्याच्या बाबतीत तसं झालं नाही. व्हेनिसचा डुकाटही असाच कसाला पक्का. तो १२८४ पासून पडला आणि व्यापाराबरोबर आपल्याकडे इतका आला की त्यावरच्या उभ्या आकृतींमुळे लोक त्याला पुतळी म्हणू लागले.

नाण्यांच्या संग्रहालयात देखरेख करणाऱ्या आजी फक्त स्लोव्हाक बोलत होत्या. आत्याने भिंग काढलं तसं त्यांनी स्वतःहून दिव्याजवळची खुर्ची सरकवून दिली आणि एका काचेकडे बोट केलं. आत एक सोन्याची पट्टी होती, तिच्यातून गोल चकत्या कापून घेतलेल्या, उरलेली जाळी तशीच. आत्या पंधरा मिनिटं तिथेच. शेवटी आजींनी पर्समधून एक युरोचं नाणं काढलं, तीन टेकड्यांवरचा दुहेरी क्रूस दाखवला आणि खिडकीबाहेर बोट केलं. हे इथलंच. स्लोव्हाकियाचं युरो नाणं याच गावात पडतं. आत्याने आपल्या खिशातली चिल्लर उलथून तसलंच एक नाणं शोधलं आणि ते वेगळ्या कप्प्यात ठेवलं.

जेवायला ब्रिंझा घातलेले हालुश्की, म्हणजे बटाट्याचे बारीक गोळे आणि मेंढीच्या दुधाचं आंबट चीज. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, नको असेल तर आधीच सांगा.

सातवा आणि आठवा दिवस, कुत्ना होरा

सातवा दिवस आगगाडीत गेला. कुत्ना होराच्या मुख्य स्टेशनवर उतरून गावात जायला छोटी दुसरी गाडी घ्यावी लागते, सामान घेऊन चालत निघू नका.

आठव्या दिवशी सकाळी पुन्हा खाण. इथे अंगावर पांढरा डगला चढवतात आणि हातात दिवा देतात. जुने खाणकामगार असाच पांढरा डगला घालत, अंधारात माणूस दिसावा म्हणून. संत बार्बराच्या चर्चमध्ये अशाच एका डगल्यातल्या कामगाराचा पुतळा आहे, हातात दिवा घेतलेला. राजांच्या आणि संतांच्या रांगेत एक खाणकामगार. संत बार्बरा ही खाणकामगारांची रक्षक. चर्च १३८८ मध्ये बांधायला घेतलं आणि त्याचा पैसा याच चांदीतून आला. एका बाजूच्या भिंतीवर नाणी पाडणाऱ्या कारागिरांची चित्रं आहेत. एक बसून ठसा धरतोय, हातोडा उचललेला. मला वाटतं, कष्टाचं काम करणाऱ्यांना स्वतःच्या कामाचं चित्र देवळात काढून घेण्याइतकी प्रतिष्ठा फार ठिकाणी मिळाली नसेल.

खाणीत एका जागी खांदे तिरके करून सरकावं लागतं. आत्याच्या पुढे एक दहा वर्षांचा मुलगा होता, तो प्रत्येक वळणावर मागे वळून दिवा तिच्या पायांपाशी धरत होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. बाहेर आल्यावर त्याच्या आईवडिलांबरोबरच लसणाचं सूप प्यायलो. भुकेल्या पोटी त्या थंडीतून आल्यावर ते सूप अमृत वाटतं.

दुपारी व्लाश्स्की ड्वूर, म्हणजे इटालियन वाडा. राजा व्हाक्लाव दुसरा याने १३०० साली चलनाची नवी घडी बसवली, फ्लॉरेन्सहून जाणकार बोलावले आणि राज्यातलं नाणी पाडण्याचं काम इथे एकवटलं. तेव्हापासून पडला तो प्राग ग्रोशेन. साधारण ३.७ ग्रॅम, जवळजवळ शुद्ध चांदी, एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दुहेरी शेपटीचा सिंह. हिशेब साठांचा, म्हणजे "एक कोपा ग्रोशेन" म्हणजे साठ नाणी. १५४७ पर्यंत हे नाणं पडत राहिलं.

वाड्यात एक माणूस हातोड्याने नाणं पाडून दाखवतो. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट, वरचा हातात, मधे चकती, आणि एक सणसणीत घाव. छोट्याशा खोलीत तो आवाज छातीत जाऊन बसतो. अशा कितीतरी खोल्या वाड्याभोवती होत्या आणि त्या दिवसभर चालायच्या. आत्याला हातोडा दिला तेव्हा तिचा पहिला घाव हुकला आणि सिंह दोनदा उमटला. मूळ ग्रोशेनवरही असा दुहेरी ठसा पुष्कळदा दिसतो. यापुढे तो दिसला की मला तो आवाज ऐकू येईल.

नववा दिवस, प्राग

प्रागमध्ये आम्ही फक्त एका नाणेविक्रेत्याकडे गेलो. लहान दुकान, खिडकीशी टेबल, वर पांढरा दिवा. आत्याला ग्रोशेन हवा होता. त्याने दोन समोर ठेवले. एक चकचकीत, एक राखाडी आणि कडेला झिजलेला. दोन्ही राजा व्लादिस्लाव दुसऱ्याच्या काळातले, अडीच ग्रॅमच्या आसपास. पहिल्या ग्रोशेनपासून दोनशे वर्षांत वजन आणि कस दोन्ही उतरले होते, आणि नाण्याचा काळसर रंग ते दाखवत होता.

आत्याने राखाडी घेतला. विक्रेता हसून म्हणाला, "बरोबर निवडलंत. चकचकीत नाण्याला कोणीतरी पॉलिश केलंय." घासलेल्या नाण्यावर भिंगातून एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. जुन्या चांदीवरचा काळपटपणा तिचं संरक्षण करतो. तो काढला की परत येत नाही, आणि किंमतही जाते. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांपासूनही नाणं लांब ठेवा. काही वर्षांत त्यावर हिरवा चिकट थर चढतो.

त्याने नाण्याचं वर्णन, वजन आणि किंमत लिहून सही-शिक्क्याची पावती दिली, आणि देशाबाहेर न्यायला अडचण नाही ना हे स्वतः तपासून सांगितलं. हे विचारायला संकोचू नका. चांगला विक्रेता या प्रश्नाने खूश होतो.

दहावा दिवस, याखिमोव्ह

कार्लोव्ही व्हारीपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरात बस. बस चढत गेली तसं धुकं दाट होत गेलं. याखिमोव्ह हे एका अरुंद दरीत लांबलचक पसरलेलं गाव. दोन रस्ते, उंच जुनी घरं, काही नीट राखलेली, काही रिकामी.

जर्मनमध्ये याचं नाव सांक्ट योआखिम्सटाल, संत योआखिमची दरी. १५१६ मध्ये काउंट श्टेफान श्लिकने हे गाव वसवलं, कारण डोंगरात चांदी लागली होती. १५२० मध्ये नाणी पाडायचा रीतसर हक्क मिळाला. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला सिंह आणि राजा लुडविकचं नाव. हालच्या गुल्डिनरसारखंच मोठं नाणं, पण हालला थोडी पडली आणि इथे रग्गड. लोक त्याला योआखिम्सटालर म्हणू लागले, मग नुसतं टालर. टाल म्हणजे दरी, टालर म्हणजे दरीतला. हॉलंडमध्ये डाल्डर, डेन्मार्कमध्ये डालर, इंग्रजीत डॉलर, आणि पॅसिफिकमधल्या सामोआत टाला. १५३० च्या दशकात प्रागच्या खालोखाल बोहेमियातलं हे मोठं शहर होतं. गावचा वैद्य होता अग्रिकोला, ज्याने पुढे खाणकामावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला.

जुन्या शाही टांकसाळीतलं संग्रहालय बरंच मोठं आहे, पण तिथे नाण्यांपाशी थांबून चालत नाही. चांदी आटल्यावर त्याच खाणींत जो काळा जड दगड कामगार टाकून द्यायचे, त्याच्याच उरलेल्या चोथ्यातून मारी क्यूरीने रेडियम वेगळं काढलं. १९५० च्या दशकात इथेच राजकीय कैद्यांकडून युरेनियम खणून घेतलं. ती दालनं पाहताना आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. १५१८ मध्ये सुरू झालेल्या स्वोर्नोस्त खाणीचं पाणी आज संधिवाताच्या रुग्णांना आंघोळीसाठी देतात.

बाहेर आलो तेव्हा धुकं उतरून रस्त्यावर आलं होतं. टांकसाळीसमोरच्या बाकावर बसलो, कार्लोव्ही व्हारीहून आणलेले पातळ गोल वेफर खाल्ले. आत्याने पर्समधून व्हिएन्नाचं टालर काढलं. शेजारी उपचाराला आलेले एक आजोबा बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. त्यांनी नाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टोलार." आत्या म्हणाली, "टालर." त्यांनी हात पुढे केला, नाणं दोन बोटांनी काठाला धरून घेतलं, उलटून पाहिलं आणि तसंच काठाला धरून परत दिलं. मग टांकसाळीच्या इमारतीकडे बोट दाखवून मान हलवली. तेवढ्यात बस आली.

घरी पोचल्यावर आत्याने सामान उघडायच्या आधी जुनं टालर काढलं. नव्याच्या शेजारी ठेवून भिंगाने बराच वेळ पाहिलं. जुन्याच्या गरुडाची शेपटी वेगळी आहे, ओढणीच्या घड्या थोड्या निराळ्या आहेत. वजन २८.०२. मग तिने नोंदवही काढली. साल या रकान्यात पंचवीस वर्षांपूर्वी तिच्याच हाताने "१७८०" लिहिलेलं होतं. त्यापुढे तिने "किंवा नंतर" असं लिहिलं. टांकसाळीच्या रकान्यात "व्हिएन्ना" होतं, ते एका रेघेने खोडलं आणि पेन्सिलीने, पुसता येईल असं, "मुंबई?" लिहून ठेवलं.